गुळव्याचा डोळा

बोटं गार पाण्याच्या डेचकीत बुडवायची, पळीतला उकळता पाक त्याच पाण्यात सोडायचा, तळाशी गेलेला पाक गोळा करून त्याची गोळी वळायची आणि ती काहिलीच्या, रस उकळायच्या त्या मोठ्या कढईच्या, काठावर आपटायची. ‘टण्‌’ असा आवाज आला की तात्या मान वर न करता एकच शब्द बोलायचे, "आला!" त्यासरशी चार गडी काहील ओढून गूळ निवायच्या वाफ्यावर आडवी करायचे आणि पिवळाधमक गूळ वाफ्यात पसरायचा.

तात्या कवठे महांकाळकडचे. तिकडची जमीन कोरडी, म्हणून दिवाळी झाली की नवरा-बायको बोचकं बांधून आमच्या रहिमतपूरच्या पट्ट्यात यायचे. एका ठरलेल्या मालकाच्या गुऱ्हाळावर पाचटाची खोप घालायचे आणि शिमग्यापर्यंत मुक्काम. तात्या तिथले गुळवे. गुऱ्हाळावर रस काढणारे असतात, चुलवाणात चिपाडं सारणारे असतात, पण रसाचं एकेक आधण शिजून काहील कधी उतरायची हे एकटा गुळव्या ठरवतो. मिनिटभर आधी उतरली तर गूळ बसत नाही, मिनिटभर उशीर झाला तर करपतो. म्हणून मालकसुद्धा गुळव्यापुढे आवाज चढवत नाही. कुणी घाई केलीच तर तात्यांचं उत्तर ठरलेलं असे, "यू द्या की. त्येला कळतंय कवा यायचं."

मी जवळच्या सरकारी दवाखान्यात डोळे तपासतो. मी डॉक्टर नाही. बॅटरी मारून मोतीबिंदू हुडकायचा, साखर-रक्तदाब बघायला लावायचा, यादी करायची आणि ऑपरेशनच्या दिवशी सगळ्यांना गाडीत घालून साताऱ्याला मोठ्या दवाखान्यात न्यायचं, हे माझं काम. तरी लोक मला ‘डोळंवालं सायेब’ म्हणतात आणि मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू? त्या सायेबपणातच मी एकदा तोंडाला येईल ते बोलून गेलो. त्याचीच ही हकीकत आहे.

गावच्या शाळेत तपासणी होती. व्हरांड्यात साठ-सत्तर माणसं, पंखा बंद, आणि माझं डोकं तापलेलं. तात्या समोर बसले. डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात होती, उजवा बरा होता. त्यांनी विचारलं, "काय हाय सायेब?"

"मोतीबिंदू आहे. पण अजून पिकलेला नाही. पिकला की काढू."

"पिकलाय ह्ये कळायचं कसं?"

"कळेल तुम्हाला," मी म्हटलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? अहो, मोतीबिंदू पिकायची वाट बघायची ही जुन्या काळची रीत. आता तसं कुणी करत नाही. डोळ्यातलं भिंग गढूळ होऊन रोजच्या कामाला नजर कमी पडू लागली की ते काढतात आणि जागेवर नवं भिंग बसवतात. विसेक मिनिटांचं काम. हे मला पाठ होतं, भिंतीवरच्या तक्त्यावरसुद्धा लिहिलेलं होतं. पण आमच्या वरिष्ठांच्या तोंडी तो जुना शब्द होता, त्यांच्याकडून तो माझ्या तोंडी आला आणि मी तो नेमका अशा माणसाला दिला, ज्याचं सगळं आयुष्य एखादी गोष्ट तयार कधी होते हे ओळखण्यात गेलं होतं.

तात्यांनी तो शब्द पदरात बांधून नेला. पुढच्या हंगामात मी गुऱ्हाळावर गेलो तर ते डोळ्याची खबर काहिलीच्या भाषेत सांगायला लागले. "सायेब, आता नुसती मळी वर आल्यावानी दिसतंय. फेस यायला टाइम हाय अजून." गडी हसले, मीही हसलो. नंतर खोपीत बसून मी त्यांना म्हटलं, "तात्या, पिकायची वाट बघायची नसते. मी चुकीचं बोललो. या महिन्यात गाडी जाणार आहे, चला. पैसा लागत नाही, भिंग फुकट, जेवण तिथंच, आणून सोडायची जबाबदारी माझी."

तात्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "कच्चं उतरवलं तर वाफ्यात बसत न्हाई, सायेब. तुमास्नी वरनं आकडा पुरा करायला सांगत असत्याल, मला ठावं हाय. पर माजा डोळा कशाला कच्चा काढताय?"

एवढ्यावर ते थांबले असते तरी बरं. पण गुळव्याचा शब्द म्हणजे गुऱ्हाळावर कायदा. ऊस घेऊन येणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना ते माझ्याच नावानं सांगू लागले, "सायबानं सांगितलंय, पिकू द्या." माझ्या यादीतली दोन-तीन नावं अशी गळाली. मी दरवेळी जाऊन समजावत होतो आणि दरवेळी माझाच जुना शब्द माझ्या आडवा येत होता.

मग तो दिवस आला. संक्रांत होऊन गेली होती. दवाखान्याच्या दारात तात्या उभे, डाव्या डोळ्यावर धडपा बांधलेला, मागं त्यांची बायको. तिला मी मावशी म्हणायचो. तात्यांचा चेहरा सुजलेला, पण त्यावर हसू होतं. आत आल्या आल्या म्हणाले, "सायेब, आला!"

मी धडपा सोडला. डोळा रक्तासारखा लाल. बुबुळ धुरकट. पापणीवरून बोट लावलं तर आत गोटी असावी तसा डोळा टणक. "कधीपासून दुखतंय?"

"तीन दिस झालं. अर्धं डोस्कं ठणकतंय, वांत्या बी झाल्या. ही म्हनली चला. म्हनलं, पिकताना कळ येनारच की. सायबानं सांगितलंच व्हतं, कळंल तुमाला. तीन आधनं तेवढी उतरवली आन् आलो."

मोतीबिंदू कधी दुखत नाही. दुखला की समजायचं, फुगलेल्या भिंगामुळे डोळ्यातला दाब चढलाय आणि आतली नस दर तासाला मरतेय. अशा वेळी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो. हे मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. मी ‘कळेल’ म्हटलं होतं.

तासाभरात गाडी काढून मी त्यांना साताऱ्याला नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी होतं नव्हतं ते सगळं केलं. दाब उतरवला, भिंग काढलं, दुखणं थांबलं. नजर मात्र आली नाही. बाईंनी तात्यांना खाली बसून, हळू आवाजात सांगितलं. तात्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "पिकला न्हवता काय मग?" तेव्हा काय बोलायला हवं होतं ते मला आजही रात्री-बेरात्री सुचतं.

गावात व्हायचं तेच झालं. ‘सरकारी गाडीत बसला आन् डोळा घालवून आला’ अशी बोलवा उठली. मी काय बोलणार? उशिरामुळे गेला म्हणावं, तर उशीर करायला शिकवणारा मीच.

पण मला खरी भीती होती ती उजव्या डोळ्याची. त्यातही मोतीबिंदू वाढत होता. तात्या तपासणीला येईनात, म्हणून पुढच्या हंगामात मीच बॅटरी खिशात घालून गुऱ्हाळावर गेलो. तिथं सगळं पूर्वीसारखंच चाललं होतं. गूळ सोन्यासारखा उतरत होता, मालक खूश होता. मला वाटलं, चला, अजून दिसतंय म्हणायचं.

एका बाजूला बसून पाहत राहिलो, तेव्हा लक्षात आलं. मावशी बोलत होती. ती पूर्वी फार बोलणारी नव्हती. आता चुलवाणापाशी बसून तिची टकळी अखंड चालू. "आवं, फेस बसला बगा... आता रंग कसा बाई हळदीवानी झालाय... आवं, तिकडं चिपाडाचा भारा पडलाय, कोन ठेवतंय वाटंत... आलं कडंला, वाफ्याच्या कडंला आलं." गडी वैतागायचे, म्हातारी लय बडबडते म्हणायचे. ती बडबड नव्हतीच. ती नवऱ्याला रंग सांगत होती, फेस सांगत होती, पाय कुठं टाकायचा ते सांगत होती. एका बाजूला उकळती काहील, दुसऱ्या बाजूला तापल्या गुळाचा वाफा आणि मधल्या दोन हातांच्या वाटेवरून तात्या तिच्या आवाजाच्या धाग्यानं चालत होते.

आधण उतरल्यावर मी तात्यांना उसाच्या फडाकडं नेलं. तीन हातांवर बोटं धरली. "किती?"

"दोन."

चार होती.

मी सरळ बोललो. "तात्या, चूक माझी होती. पिकला हा शब्द माझा. एक डोळा त्यात गेला. आता दुसऱ्यात तेच होऊ घातलंय. तो कधी फुगेल ते मला सांगता येणार नाही, तुम्हालाही नाही. या आठवड्यात चला."

त्यांनी उसाचं एक पान चाचपून तोडलं. मग म्हणाले, "एकच उरलाय, सायेब. त्यो बी तुमच्याच हातात द्यायचा?"

"माझ्या नाही. डॉक्टरबाईंच्या."

"आन् चुकलं तर?"

मला खोटं बोलता आलं असतं. त्यांच्यासमोर पुन्हा नाही बोललो. "बहुतेकांचं नीट होतं. पण शंभर टक्के कुणीच सांगत नाही. चुकलं तर दिसणार नाही. आणि असाच ठेवला तरी दिसायचं बंदच होणार आहे."

"हंगाम तेवढा हुं द्या."

"हंगाम संपायला दोन महिने आहेत!"

"मग काय झालं? यू द्या की शिमगा."

मालकाला सांगावं, तर त्यांची रोजीच जायची. म्हणून मी मावशीला गाठलं. ती भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकलं, माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मी हाय न्हवं सांगायला." मला तिचा राग आला. वाटलं, ही बाई नवऱ्याला आधार देतेय की खड्ड्यात घालतेय?

मी रोज जाऊ लागलो. दवाखाना सुटला की मोटरसायकल गुऱ्हाळाकडं. दिवसातून एकदा तरी त्या डोळ्यात बॅटरी मारायची, लाल झालाय का बघायचं, डोकं दुखतंय का विचारायचं. बायको घरी म्हणाली, त्या गुळव्याची तुम्हाला नोकरी लागली काय?

पाचव्या का सहाव्या दिवशी गावची लाइट गेली होती. मालकानं जनरेटर लावलेला. त्याची धडधड एवढी की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागत होतं. काहिलीच्या उकळीला एक आवाज असतो, सुरुवातीला खळखळ, शेवटी जड, भदभद. तात्या कानानं ती ओळखायचे. त्या दिवशी तो आवाज जनरेटरनं गिळला. वारंही उलटं फिरलं होतं.

फेस चढला, बसला. रंग पालटू लागला. एवढं मलाही दिसत होतं. तात्या पळी घेऊन उभे होते, मान जरा कललेली, मावशीच्या बाजूला. मावशी गप्प होती.

"कसा हाय?" तात्यांनी हळूच विचारलं.

मावशी बोलली नाही.

"आगं, फेस कसा हाय?" या खेपेला ते ओरडले. गडी थांबले. मालकानं वळून पाहिलं. गुळव्या बायकोला फेस विचारतोय!

मावशी उठून उभी राहिली. पदर तोंडाला लावलेला. "तुमीच बघा," ती म्हणाली.

मी ओरडणार होतो, उतरवा म्हणून. पण मला कोण विचारतं? गड्यांचे हात दांड्यांवर आणि डोळे तात्यांकडे. तात्यांनी पळी बुडवली, पाक काढला, डेचकीत सोडायला गेले तर अर्धा बाहेर सांडला, त्यांच्या पायावर. पाय त्यांनी हलवला नाही. गोळी वळेपर्यंत काहिलीतून करपल्याचा वास सुटला. गोळी आपटून बघायचीही गरज उरली नाही. तात्यांनी पळी खाली ठेवली, काठावर नव्हे, मातीत. "मालक, गूळ गेला. मला दिसत न्हाई. लय दिसापासनं."

मालक तोंडाळ माणूस, पण तो उठून आधी जनरेटर बंद करून आला आणि मगच म्हणाला, "काहील उतरा रं. आन् तात्यांच्या पायावर पानी घाला कुनीतरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या स्वतःहून माझ्या दारात आले. पायाला फडकं गुंडाळलेलं. "गाडी कवा हाय?" एवढंच बोलले.

ऑपरेशनच्या खोलीबाहेर मी आणि मावशी बाकड्यावर बसलो होतो. शेकडो माणसं मी त्या दारातून आत सोडलीत, तिथं बसून चहा प्यायलोय, पेपर वाचलाय. त्या दिवशी मला बसवेना. आत जाताना तात्यांनी माझं मनगट धरलं होतं आणि सोडताना म्हणाले होते, "ह्यो गेला तर तुमास्नी बोल लावनार न्हाई. पर मला घरापतूर पोचवा." मावशी भिंतीकडं बघत बसली होती. मी तिला म्हटलं, "होईल नीट." ती म्हणाली, "तुमी नगा सांगू काय व्हईल ते." ते मला लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

रात्रभर डोळ्यावर पट्टी. सकाळी डॉक्टरबाईंनी ती काढली, डोळा पुसला, औषधाचे थेंब टाकले. तात्यांनी पापणी उघडली, मिटली. पुन्हा उघडली. त्यांनी खिडकीकडं पाहिलं, बाईंच्या हाताकडं पाहिलं, मग माझ्याकडं. बराच वेळ बघत राहिले.

"सायेब," ते म्हणाले, "तुमचं क्यास पिकलं की वं!"

बाई हसल्या, नर्स हसली. मी बाहेर जाऊन व्हरांड्यात उभा राहिलो आणि रडलो. लाज कसली त्यात?

तो उरलेला हंगाम तात्यांनी पुरा केला. महिनाभर धुरापाशी जायचं नाही म्हणून बजावलं होतं, तर लांब खाटेवर बसून ते दुसऱ्याच्या गोळीचा आवाज ऐकून त्याला शिव्या घालायचे. चुलवाणापाशी मावशी आता गप्प असायची. गावातली माझी यादी मात्र भरू लागली. येणाऱ्या प्रत्येकाला तात्या आपला गेलेला डोळा बोटानं दाखवायचे, "ह्यो बगा, थांबलो त्येचा. आन् ह्यो बगा, न थांबल्याचा." शिमग्याला ते कवठे महांकाळला गेले, आणि दिवाळीनंतर आलेच नाहीत. मालकानं फोन लावला तेव्हा कळलं, श्रावणात छातीत कळ येऊन तात्या गेले. उणेपुरे सहा-सात महिने त्यांनी त्या डोळ्यानं पाहिलं.

मार्गशीर्षात एका दुपारी मावशी दवाखान्यात आली. एकटीच. सांगली, कराड अशा एसट्या बदलत, विचारत विचारत. मला वाटलं, तात्यांचे काही कागद हवे असतील. मी खुर्ची दिली, तर तिनं आधी हातानं खुर्ची चाचपली आणि मग बसली.

"माजं डोळं बगा," ती म्हणाली. "ह्येंनी लय धोशा लावला व्हता. नजर आल्यावर त्येंच्या ध्यानात आलं. तांदूळ निवडताना खडं तसंच ऱ्हात्यात म्हनले. चल म्हनायचे सायबाकडं, मी म्हनायची, तुमचं औषध पुरं हुं द्या आधी. मग येकटीनंच यायची येळ आली."

मी बॅटरी मारली. डावा डोळा. बाहुलीत पांढरट-तपकिरी पडदा, जाड, जुना. तीन-चार वर्षांचा तरी असावा. त्या बाईच्या शेजारी मी बाकड्यावर बसलो होतो. तिच्या चुलीपाशी उभं राहून तिच्यावर रागावलो होतो. एकदाही तिच्या डोळ्यात बॅटरी मारली नव्हती.

"मावशी, मग फेसाचा रंग कसा सांगत होता तुम्ही?"

"अंदाजानं," ती म्हणाली. "वाटंतलं धुरकट दिसायचं, रंग काय कळायचा न्हाई. वास यायचा, त्येवरनं बोलायची. त्येस्नी वाटायचं हिला दिसतंय. त्येंच्या जिवाला त्येवढाच आधार व्हता, मग कसं सांगायचं? त्या दिशी वारं फिरलं आन् मला वासच येईना. तुमी समदी म्हनला, म्हातारी रुसली. रुसल्याली न्हवते, सायेब. काय सांगू, तेच कळंना झालं."

मी बॅटरी बंद केली. मग पुन्हा लावली, कारण उजवा डोळा बघायचा राहिला होता.